म्हावऱ्याच्या वारी सुट्टी

आत्या, तुला दिलेला शब्द मी मोडणार आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी बोलत राहीन आणि तू मध्येच पदर खोचून उठशील, कुणाला पाणी हवंय का ते बघायला. बस जरा. आता तरी बस.

काल तुझा तेरावा झाला. हॉस्पिटलात तू माझा हात धरून विचारलंस, "सायले, माज्या मागं घर बघशील ना गो? आरवला, येनाऱ्या बालाला?" आणि मी हो म्हणाले. तुझ्या नाकात नळी होती, बाबा पायाशी उभे होते, आई खिडकीबाहेर बघत होती. अशा वेळी नाही कोण म्हणतं? तू वेळ बरोबर साधलीस. उभ्या जन्मात काही मागितलं नाहीस आणि मागितलंस तेव्हा मलाच मागितलंस, तेही दुसऱ्यांसाठी. गेले तेरा दिवस येईल तो माझ्या पाठीवरून हात फिरवून जातो. त्यांना वाटतं मी दुःखानं गप्प आहे. दुःख आहेच. पण निम्म्याहून जास्त राग आहे, आणि त्यातला बराचसा तुझ्यावर आहे.

नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'आमच्या मातृतुल्य आत्या', त्याखाली शोकाकुल म्हणून एकतीस नावं. दादाच्या आरवचंसुद्धा आहे आणि तो चार वर्षांचा आहे. वहिनीच्या पोटातल्या बाळाचं तेवढं टाकायचं राहिलं. फोटो शोधायला निखिलदादा दोन तास मोबाइल चाळत होता, कारण तुझा एकटीचा फोटो या घरात नाही. प्रत्येक फोटोत तुझ्या कडेवर कुणीतरी आहे. शेवटी कुणाच्या तरी हळदीतला एक घेतला आणि फ्लेक्सवाल्याने कडेवरचं मूल कापून टाकलं. पण हात राहिला. तुझ्या खांद्यावर, पदराच्या वर, चार बारकी बोटं. रिक्षा पकडायला मला त्याच फ्लेक्सखालून जावं लागतं. मी मान वर करत नाही.

एकतीस शोकाकुलांपैकी कुणाला विचारलं की मंजूआत्या झोपायची कुठे, तर काय सांगतील? शिरवण्यात आपली चार मजल्यांची बिल्डिंग आहे. खाली गाळे, वर बाबांचा मजला, दोन्ही काकांचे एकेक मजले. सरकारनं घेतलेल्या शेतजमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला तेव्हा वारसांत तुझंही नाव होतं. तू हक्कसोडपत्रावर सही केलीस. भावांनी म्हटलं, तुला कशाला हवाय वेगळा मजला, तू तर घरातलीच. सासरहून वर्षभरात परत आलेली बाई काय बोलणार, तू सही केलीस आणि लगेच सगळ्यांना चहा टाकलास, असं आईच कौतुकानं सांगते. त्या चार मजल्यांत तुझी जागा म्हणजे आमच्या हॉलमधला दिवाण. तोही टीव्ही बंद झाल्यावर. पाहुणे बसले असतील तर ते उठेपर्यंत तू स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत बसायचीस. मी लहानपणापासून हे बघत आले आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसायला मला जर्मनीला जावं लागलं.

मी ओ पेअर म्हणून चालले होते, तेव्हा तुला ते काय असतं हे समजावताना मला घाम फुटला होता. परक्या देशात एका कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, बदल्यात राहायला खोली, जेवण, हातखर्च आणि त्यांची भाषा शिकायला वेळ. तू ओट्याशी कोळंबी सोलत होतीस आणि मी तुला करार वाचून दाखवत होते. दिवसाला सहा तास काम. आठवड्यातून दीड दिवस सुट्टी. स्वतःची खोली, दाराला किल्ली.

"आन् बाकीचे टायमाला पोरा कोन बघतान?" तू विचारलंस.

"त्यांचे आईबाप."

"मंग तुना कला नेतान?" मग तुला नेतातच कशाला, असं म्हणत तू इतकी हसलीस की कोळंबी हातातून सुटली. मग हसू पुसून टाकल्यासारखं गेलं आणि तू म्हणालीस, "दुसऱ्यांची पोरा कला सांभालाची? घरान पोरा नाय?" हा आपला पहिला वाद. तो शेवटपर्यंत मिटला नाही. तुझ्या लेखी माझं जाणं म्हणजे घरची भांडी टाकून शेजारची घासायला जाणं होतं. आणि माझ्या लेखी तू, माफ कर, पण तेव्हा तू माझ्या लेखी अडाणी होतीस.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. त्या अर्जात मुलं सांभाळल्याचा अनुभव लिहायचा होता. मी काकांच्या जुळ्यांचं लिहिलं. चार वर्षं, रोज, अंघोळ घालणं, भरवणं, झोपवणं, आजारपण. एकेक ओळ खरी होती, फक्त ती तुझी होती. मुलांसोबतचे फोटोही हवे होते. तू जुळ्यांना पावडर लावून, भांग पाडून माझ्या मांडीवर आणून बसवलंस, ती रडायला लागली तेव्हा समोर उभी राहून टाळ्या वाजवल्यास, आणि फोटो काढताना म्हणालीस, "मी बाजूला होते." तू बाजूला झालीस आणि मी जर्मनीला गेले. तुझ्या चार वर्षांवर माझा व्हिसा झाला, हे मला तेव्हा साधं मनातही आलं नाही.

तिकडे कात्रिन म्हणून बाई होती, तिची तीन वर्षांची लीना. लीना दुपारी झोपायची नाही. कात्रिनने मला पुस्तकं वाचून दाखवायला सांगितलं, दिवे मंद करायला सांगितलं, काही उपयोग नाही. मग मी तुझ्यासारखी तिला मांडीवर पालथी घेतली, पाठीवर पोकळ हातानं थोपटलं आणि घशातल्या घशात तो तुझा हुंकार काढला, ज्याला ना शब्द ना चाल. पोरगी पाच मिनिटांत गाढ. कात्रिन दारात उभी होती. तिनं विचारलं कुठे शिकलीस, मी म्हटलं आत्याकडे. ती म्हणाली, तुझी आत्या या कामात आहे का? मी म्हटलं, नाही, ती घरीच असते. आत्या, त्या दिवशी मी माझ्या खोलीत जाऊन दार लावून रडले. मला वाटलं घरची आठवण येतेय. 'ती घरीच असते' हे माझंच वाक्य मला झोंबलं होतं, हे समजायला पुढे खूप दिवस गेले.

कात्रिनच्या फ्रिजवर आठवड्याचा तक्ता होता. सोमवार ते रविवार, कोण किती वाजता काय करणार. बुधवारच्या चौकोनात माझं नाव आणि पुढे सूर्य काढलेला, म्हणजे सुट्टी. पहिल्या बुधवारी मी सवयीनं सिंकमधल्या बशा घासायला घेतल्या, तर तिनं माझ्या हातातून बशी काढून घेतली आणि बोटानं फ्रिज दाखवला. ती काही देवमाणूस नव्हती. पुढे पुढे तिलाही तासभर जास्त हवा असायचा, आणि हवा असला की गोड आवाजात म्हणायची, तू तर आमच्या घरातलीच आहेस. मला पाठवणाऱ्या एजन्सीतल्या बाईनं निघतानाच बजावलं होतं, 'घरातलीच' असं कुणी म्हणालं की घड्याळ बघायचं. मी घड्याळ बघायचे. कराराचा कागद टेबलावर ठेवायचे. कात्रिनचा चेहरा पडायचा, पण ती मागे सरायची. हाच शब्द मी जन्मभर तुझ्याबद्दल ऐकत आले होते, आणि तुझ्याकडे कागद होता तो फक्त हक्क सोडल्याचा.

म्हणून परत आल्यावर मी तो वेडेपणा केला. आल्या आल्या मला घर वेगळं दिसायला लागलं. सकाळी साडेपाचला तू उठायचीस. आई शाळेत शिकवायला जायची, तिचा डबा. बाबा, दादा, वहिनी, सगळ्यांचे डबे. आरवची अंघोळ. वरून काकू जुळ्यांना खाली सोडून जायची. मी एक आठवडा मुकाट्यानं वहीत टिपलं आणि बेरीज केली तर दिवसाचे पंधरा तास झाले. मग मी पुठ्ठा आणला, चौकोन आखले, सगळ्यांची नावं घातली आणि फ्रिजवर लावला. तुझ्या नावापुढे बुधवारी सूर्य काढला.

तू चष्मा लावून तक्त्यासमोर उभी राहिलीस. "येडी झालीस का गो? बुधवारी? म्हावऱ्याच्या वारी?"

जर्मनीत राहून मी हेच विसरले होते. बुधवार, शुक्रवार, रविवार आपल्याकडे म्हावरा शिजतो. मासळी आणायची, खवलं काढायची, तुकडे करायचे, वाटण वाटायचं, सगळ्यात जास्त राबणूक त्या दिवशी. "सोमवार घे," तू मलाच समजावलंस. "सोमवारी डाल-भात असतो. कोनाचा अडनार नाय." आणि मी तिथेच हट्टाला पेटले. कुणाचं अडणार नाही अशा दिवशी दिलेली सुट्टी ही कसली सुट्टी? अडू दे की. अडल्याशिवाय कळणार कसं? मी बुधवारच कायम केला. बाबा हसले, म्हणाले, लागू दे तिचा कायदा. दादानं तक्त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला.

त्या पहिल्या बुधवारी तू नवी साडी नेसून, पर्स घेऊन सकाळी नऊला निघालीस. उरणला बहिणीकडे जाते म्हणालीस. मी तुला स्टेशनपर्यंत सोडून आले, मला केवढा अभिमान वाटत होता. आणि साडेअकराला तू परत दारात. पापलेटची पिशवी हातात. "भात कोन टाकील?" असं विचारून तू सरळ ओट्याशी गेलीस. कसलीशी सुट्टी होती म्हणून बाबा, दोन्ही काका, दादा हॉलमध्येच बसले होते, ते खदाखदा हसले. कुणीतरी म्हणालं, कामगार संपावरून परत आला.

मग माझा तोल गेला. त्यांच्यावर जायला हवा होता, तुझ्यावर गेला. मी हॉलच्या मधोमध उभी राहून ओरडले, "तू घरातली नाहीस आत्या, तू इथे कामाला आहेस. चाळीस वर्षं कामाला आहेस आणि तुला ते कळत पण नाही." तुझ्या हातावर मासळीची खवलं होती. तू हात धुतलेस, पुसलेस आणि इतकंच म्हणालीस, "मी कामाला नाय गो. मी हितलीच हाय." मग ओट्याकडे वळून पापलेटं कापायला घेतलीस.

मला वाटलं होतं मी तुला डोळे देतेय. तुझ्याजवळ एकच गोष्ट होती, ती मी चारचौघांत काढून घेतली. मजला नव्हता, खोली नव्हती, मूल नव्हतं, नवरा नव्हता, 'हितलीच' हा एक शब्द होता. तो खोटा होता हे मला आजही वाटतं. पण तो मी त्या हसणाऱ्या माणसांसमोर खोटा पाडला, जी त्या शब्दावर फुकट जेवली. हे मला तुला सांगायचं होतं. रोज ठरवायचे, रोज राहायचं.

त्यानंतर तू मला 'सायले' म्हणाली नाहीस. ताट वाढायचीस, डबा भरायचीस, 'घे' म्हणायचीस. बुधवारचा सूर्य तू ओल्या फडक्यानं पुसून टाकलास. मी पण फुगून बसले. त्याच दिवसांत तुझं पोट दुखत होतं आणि तू ओवा चावत होतीस. चार महिने. ओव्याची डबी मिसळणाच्या डब्यातून निघून तुझ्या उशाखाली गेली होती, हे मला दिसलं होतं, आत्या. आपण बोलत नव्हतो म्हणून मी विचारलं नाही. बाकीच्यांनी का विचारलं नाही, ते मला माहीत आहे. त्यांना जेवण वेळेवर मिळत होतं. एका रविवारी कांदा चिरता चिरता तू ओट्याला धरून खाली बसलीस, तेव्हा पहिल्यांदा कुणाचं तरी अडलं. तपासण्या झाल्या तोवर ते सगळीकडे पसरलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस आणलं का नाही? आणि तूच खाटेवरून उत्तर दिलंस, "घरी कोन करील, म्हून." त्या डॉक्टरबाईंनी आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघितलं. मला जमिनीत जावंसं वाटलं.

सहा आठवडे. त्या सहा आठवड्यांत मी तुझ्याजवळ रोज होते आणि तरी माफी मागितली नाही, कारण माफी मागणं म्हणजे आता तू जाणार हे कबूल करणं होतं. आणि तू मला परत 'सायले' कधी म्हणालीस? जेव्हा शब्द मागायचा होता तेव्हा. "सायले, माज्या मागं घर बघशील ना गो?" पाच महिन्यांनी माझं नाव ऐकलं ते असं. हो म्हणायला मला क्षण लागला नाही. याचाच सर्वांत जास्त संताप येतो.

दहाव्याला तळ्यावर पिंडाला कावळा शिवेना. उन्हात सगळे ताटकळले. भटजी म्हणाले, काहीतरी इच्छा राहिलीय, बोला. बाबा पुढे झाले, हात जोडून म्हणाले, मंजू, तुजं वर्षश्राद्ध मोठं करू. कावळे वडाच्या फांदीवर बसून बघत होते. काका म्हणाले, तुज्या नावानं शाळेला पंखे देऊ. पंखे. दिवाणावर तुझ्या डोक्यावर पंखा नव्हता, तो मध्यभागी सोफ्यावर होता. मग सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. बाबा म्हणाले, "तू बोल गो. तिचा जीव तुज्यान अडकलाय. घर सांभालीन म्हन, लगेच शिवेल." मी तोंड उघडलं नाही. दोन बायका कुजबुजल्या, बघा, जर्मनीला जाऊन आलेली.

तेवढ्यात करावे गावची पारूमावशी पुढे आली, तुझी लहानपणापासूनची मैत्रीण. ती पिंडाजवळ वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "मंजे, नीज आता. कोनी उठवनार नाय तुना." कावळा तरी शिवला नाही. भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि आम्ही जेवायला गेलो. तुझं कशात अडलं होतं ते आम्हाला माहीत नव्हतं, कावळ्यांना तरी कुठून असणार.

जेवताना मी पारूमावशीच्या शेजारी बसले. विचारलं, तुम्ही असं का म्हणालात? तिला वाटलं मला माहीत आहे. "दर बुधवारी येवाची ना माज्याकरं," ती म्हणाली. "खाडीचा ताजा म्हावरा आनाला जाते सांगून निंगाची. म्हावरा घेवाची, माजे फिरीजमदी ठेवाची, आन् आतले खोलीन जाऊन दार लावून निजाची. दोन तास. मी हाक मारली का उठाची, तोंड धुवाची, पिशवी घेऊन जावाची."

"केव्हापासून?"

"तुमचा भांडन झाला ना, त्याचे दुसरे बुधवारपासून. मना बोलली, पोरीनं सुट्टी दिलीय, फुकट कला घालवू?"

मी ताटावरून उठले. उष्ट्या हातानं मांडवाच्या मागे जाऊन उभी राहिले आणि तुला मोठ्यानं शिव्या दिल्या, आत्या. ऐकू आल्या असतील. तू घेतलीस. माझी सुट्टी तू घेतलीस, म्हावऱ्याच्या वारीच घेतलीस, आणि मला सांगितलं नाहीस. चार महिने मी तुला हरलेली समजत होते. मासळीची पिशवी घेऊन दारात येणारी तू, उन्हानं लाल झालेली, डोळे जरा सुजलेले, आणि मी मनात म्हणायचे, बघा, गेली परत राबायला. ती झोपेची सूज होती. किल्ली लावता येणाऱ्या खोलीत झोपून यायचीस तू. मला इतका आनंद झाला आणि त्याच्या दुप्पट संताप. चोरून का? हक्काची होती ना ती? एकदा फक्त डोळा मारला असतास, म्हावरा ओट्यावर ठेवता ठेवता. मी अबोला त्याच मिनिटाला सोडला असता. ओव्याबद्दल विचारलं असतं.

आणि हेही कळत नाही की जिला दाराची किल्ली कळली होती, तिनं मरताना मला हॉलमधला दिवाण का दिला? स्वतः चोरून निजायला पळालीस आणि जाताना माझ्या गळ्यात पिशवी अडकवलीस. मी दहाव्यापासून यावर डोकं फोडतेय. तुला घराची काळजी होती, हे खरं. आरवमध्ये तुझा जीव होता, हेही खरं. माझाही आहे, तो मला आत्या म्हणतो, दूध माझ्याच हातचं पितो सध्या. पण तू जे केलंस ते बरोबर नव्हतं. मेलेल्या माणसाला असं बोलू नये म्हणतात. मग जिवंतपणी कधी बोलायचं, तू जागेवर बसायचीस कुठे?

जर्मनीतल्या एका बालवाडीनं मला प्रशिक्षणासाठी जागा दिलीय. तीन वर्षांचं शिक्षण, मग कायमची शिक्षिका. पत्र तू हॉस्पिटलात असतानाच आलं होतं. हो की नाही ते या महिन्यात कळवायचं होतं.

काल तेराव्याचं गोडाचं जेवण झालं, मामांनी बाबांना टोपी-टॉवेल दिला, दुखवटा निघाला. सगळे हॉलमध्ये बसले होते, काही तुझ्या दिवाणावर. वहिनीच्या आईनं विषय काढला, "मग बाळंतपणाला आता कोण आहे तुमच्याकडे?"

"सायली हाय ना," बाबा म्हणाले. "ती तं तिकरं शिकून आलीय. आन् मंजूला शब्द दिलाय तिनं, माज्यासमोर."

"दिला होता," मी म्हणाले. "मोडतेय. मी जर्मनीला जाणार आहे. सकाळीच त्यांना हो कळवलं."

मोठे काका म्हणाले, मेलेल्या मानसाला दिलेला शब्द हाय तो. मी म्हटलं, मेलेल्या माणसाला काय कळवायचं ते मी कळवीन. दादा उठून बाल्कनीत गेला. वहिनी पोटावर हात ठेवून खाली बघत होती. बाबांचा चेहरा लाल झाला, पण पाहुण्यांसमोर ते काही बोलले नाहीत.

बोलली ती आई. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात उरलेल्या जिलब्यांचं ताट. तू घर सांभाळलंस म्हणून जिला नोकरी करता आली आणि जी याच वर्षी रिटायर झाली, ती माझी आई. ती माझ्याकडे न बघता, अगदी सपाट आवाजात म्हणाली, "तू गेलीस तं तिच्या जागंवर मना बसवतील."

कुणी विचारलं नाही, कुठली जागा. हॉलमध्ये वीस माणसं होती, सगळ्यांना कळलं. तिच्या जागेवर. तुझी जागा होती तर, आत्या, आणि ती कसली होती ते आईला माहीत होतं, बाबांना माहीत होतं, काकांना माहीत होतं. सही घेताना माहीत होतं, तक्त्याला हसताना माहीत होतं. आईच्या आवाजात जी भीती होती ती नुसत्या कामाची नव्हती, ती तुझ्यासारखं होण्याची होती. चाळीस वर्षं तुला जवळून बघितलेल्या बाईची भीती. त्या दिवशी मी ओरडले ते या घरात मला एकटीलाच कळलेलं काही नव्हतं. फक्त तुझ्यासमोर बोलायचं नाही असं सगळ्यांचं ठरलं होतं आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी आईला काही बोलले नाही. तिनं तोंड उघडलंय, पुढचंही तिनंच बोलावं. मी तिच्यासाठी राहणार नाही, तुझ्यासाठी नाही, आरवसाठीही नाही. त्याला दूध गरम करायला मी आज दादाला उठवलं.

आता तू रागाव. अबोला नको धरूस, ओट्याकडे वळू नकोस. चांगली शिवी घाल, सायले म्हणून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. शब्द मोडलाय मी तुझा, रागवायचा हक्क तुझा आहे. हा तरी सोडू नकोस.